बालेवाडीला निघालेल्या नातीस

तेलगाव, ता. धारूर, जि. बीड

चि. बाळ हिस,



विभागीय स्पर्धेत दीड हजार मीटरला तू पहिली आलीस आणि आता राज्य स्पर्धेसाठी पुण्याला, बालेवाडीला निघालीस, हे तुझ्या आईनं परवा सांगितलं. आजीनं लगेच चौकातून पेढे आणवले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळीत आलेल्या बायाही तुझं नाव घेत होत्या. आपल्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला, तेव्हापासून इथल्या लोकांना पळणाऱ्या पोरांचं अप्रूप वाटू लागलंय. पोरींचं तर त्याहून जास्त.

कसं पळायचं ते तुझे सर सांगतील. त्यातलं मला काही कळत नाही. पण मी उभी नोकरी एसटीत वाहक म्हणून काढली. स्थानकाच्या फलाटावर, बसच्या पायरीवर, परळीच्या महाशिवरात्रीच्या गर्दीत भुरटे चोर काम कसं करतात ते जवळून पाहिलंय. तू पहिल्यांदाच घरच्या माणसाशिवाय मोठ्या शहरात आठवडाभर राहणार आहेस, म्हणून तेवढं लिहून पाठवतो. सवडीनं वाच. बरोबरच्या पोरींनाही वाचून दाखव.

मला मुख्य सांगायचंय ते असं, की तिथं गेल्यावर तुझं सगळं लक्ष शर्यतीवर असलं पाहिजे. मोबाईल कुठंय, पैसे कुठंयत, बॅगेची चेन लावली का, या विचारात अडकलेला माणूस धड पळत नाही. आणि शर्यतीच्या विचारात अडकलेल्या माणसाचं सामान धड राहत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सांभाळता येत नाहीत. म्हणून सामानाची काळजी गाडीत बसायच्या आधीच करून मोकळं व्हायचं. कोणती वस्तू कुठं राहील, तू मैदानात असताना ती कुणाच्या ताब्यात असेल, हरवली तर पहिला फोन कुणाला, हे सगळं घरीच ठरलेलं असावं. एकदा ठरलं की दिवसभर घाबरत, प्रत्येकाकडे संशयानं बघत फिरायची गरज उरत नाही.

वाहकाची कॅश बॅग तू लहानपणी पाहिलीस, तिच्यातली नाणी मोजायलाही बसायचीस. ती अंगावर कशी असते, आठवतं का? पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेवर तिरपा येतो, बॅग पोटावर असते आणि झाकण अंगाच्या बाजूला उघडतं. बाहेरच्याचा हात आत जायला माझ्या पोटाला घासूनच जावा लागे. वरच्या कप्प्यात फक्त सुट्टे आणि लहान नोटा. मोठ्या नोटा जमल्या की त्यांची घडी करून खालच्या कप्प्यात सारायच्या, आणि तो कप्पा गर्दीत उघडायचाच नाही. उघडायचा असेल तर गाडी रिकामी झाल्यावर, नाहीतर आगारात वेबिल भरताना. गर्दीत नव्वद माणसं अंगाला घासून जात असली तरी मला बॅगेकडं पाहावं लागत नसे, इतकी ती जागच्या जागी असायची. हात आपोआप तिच्यावर असायचा आणि तोंड तिकीट-तिकीट करत असायचं.

तूही तेवढंच कर. खर्चाचे शंभर-दोनशे रुपये वरच्या खिशात वेगळे ठेव. बाकीचे पैसे आजीनं तुझ्या ट्रॅकपँटला आतून चोरखिसा शिवून दिलाय, त्यात. चहाच्या टपरीवर किंवा बसमध्ये चोरखिशाला हात लावायचा नाही, खोलीवर गेल्यावरच. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्यायची. पुण्याच्या पीएमपीत चढताना तर नक्की. जीन्सच्या मागच्या खिशात मोबाईल ठेवायची तुम्हा पोरींना सवय झालीय, ती पुण्यात पोचेपर्यंत तरी मोडलेली असू दे.

आता चोर काम कसं करतो ते सांगतो. पाकीटमार एकटा असतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तिघं-चौघं असतात. गाडी फलाटाला लागली की लोक दाराकडं झेपावतात. त्यांच्यातला एक पायरीवर चढतो आणि मध्येच थबकतो, ‘अहो ही गाडी अंबाजोगाईला जाते का’ असं काहीतरी विचारत दार अडवतो. मागून दुसरा रेटतो. माणूस पुढच्यावर चिडलेला, मागच्यावर चिडलेला, दोन्ही हात वर दांडीला. त्याच वेळी तिसऱ्याचा हात चालतो. हातावर ओढणी, रुमाल, नाहीतर घडी केलेला पेपर टाकलेला असतो. कधी ब्लेडनं पिशवीचा तळ कापतात. वस्तू हातात आली की क्षणात चौथ्याकडं जाते आणि तो शांतपणे चालू लागतो. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं ते, माहेरी जाणाऱ्या बाया वाढल्या. पण गाडीच्या दाराशी गळ्यातलं गंठण गेल्याच्या बातम्याही पेपरात वरचेवर येतात.

एक प्रसंग सांगतो. एका मोठ्या स्थानकातून गाडी निघाली आणि दोन-तीन किलोमीटरवर एक बाई ओरडली, ‘माझी पोत गेली!’ अशा वेळी गाडी कुठंही न थांबवता थेट पोलीस ठाण्यात न्यायची, हा आमचा रिवाज. चालकानं गाडी ठाण्याच्या आवारात घातली. दार बंद. एकेकाची झडती. तास-दीड तास गेला. उन्हात लेकरं रडू लागली. काही सापडलं नाही. सापडणार कसं? ज्यानं पोत काढली तो गाडीत चढलाच नव्हता. पायरीवरून ‘चुकीची गाडी’ म्हणत उतरून गेलेला. ती बाई मात्र मागच्या सीटवर बसलेल्या माणसांकडं रागानं बघत होती.

त्या झडतीत आणखी एक गोष्ट झाली, ती मला आजही बोचते. गाडीत एक पारधी कुटुंब होतं. नवरा, बायको, दोन लेकरं. कुणी काही सांगायच्या आत साऱ्या गाडीनं बोटं त्यांच्याकडं केली आणि पहिली झडती त्यांची झाली. त्यांच्या गाठोड्यात ज्वारीचं पीठ आणि लेकरांचे कपडे निघाले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला तरी लोकांच्या नजरेतून तो गेला नाही. बाळा, तू शहरात चोर ओळखायला जाशील तर असंच फसशील. मी पकडलेले पाहिले ते बहुतेक इस्त्रीच्या शर्टातले, हातात चांगली पिशवी, बोलायला गोड. कुणाचा रंग, कपडा, भाषा बघून पिशवी छातीशी धरायची, हे माझ्या नातीनं करू नये. आपली वस्तू नीट ठेवायची, सगळ्यांसमोर सारखीच. तिकडं तुम्ही ‘बीडच्या’ म्हटल्यावर कुणी तुमच्याकडंही वेगळ्या नजरेनं बघेल, तेव्हा ती नजर कशी लागते ते तुला कळेल.

मैदानावर चोराला सगळ्यात सोयीची वेळ कोणती, माहीत आहे? तुझ्या शर्यतीची. कॉल रूममध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, हे तुझ्या सरांनीच मला सांगितलं. म्हणजे तू चेस्ट नंबर लावून आत गेलीस की तुझा मोबाईल, सॅक, पैसे बाहेर. शर्यत पाच मिनिटांची, पण आत बसणं, वॉर्मअप, नंतर दम खाणं धरून तासभर तू सामानाजवळ नाहीस. आणि बरोबरच्या पोरी? त्या तू पळताना कुंपणाशी उभ्या राहून ओरडत असणार. ओरडायलाच हवं! पण मग गॅलरीत चौदा सॅक एकट्या पडलेल्या.

यावर उपाय पाळीचा. ज्या दिवशी जिची शर्यत नाही, ती त्या दिवशी सामानाची राखण करेल. एकीला कंटाळा येतो, म्हणून दोघी. त्यांनी कुणाचीही शर्यत बघायला उठायचं नाही, नवीन विक्रम होत असला तरी. मोबाईल सगळे एका पिशवीत आणि ती पिशवी तुमच्याबरोबर येणाऱ्या मॅडमच्या गळ्यात. सरांशी बोलून हे आधीच लावून घे. ‘जरा बॅगेवर लक्ष ठेवा हं’ असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून जाणं म्हणजे राखण नव्हे. तो भला असला तरी त्याची बस आली की तो जाणार.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलं, २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आवार फार मोठं आहे. स्पर्धेच्या दिवसांत राज्यभरातली पोरं, पालक, पंच, खाऊवाले, सगळ्यांची वर्दळ. अंगावर ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी असली की कुणीही सर वाटतो. हे ध्यानात ठेव.

राहायची सोय हॉलमध्ये किंवा वसतिगृहात होईल. तिथं सगळ्यात जास्त चोरी होते ती चार्जिंगला लावलेल्या मोबाईलची आणि स्पाइक्सची. एका बोर्डावर दहा चार्जर लोंबत असतात, पोरं दमून झोपलेली, पहाटे कुणीतरी उठतं आणि दोन मोबाईल घेऊन जातं. भरतीला गेलेल्या आपल्या गावच्या पोरांचे असेच गेलेत. पॉवर बँक घे आणि मोबाईल उशाखाली ठेवूनच चार्ज कर... नाही, उशाखाली नको, तापतो. जागी असतानाच चार्ज कर आणि झोपताना पिशवीत घालून अंगाशी ठेव. स्पाइक्सवर आतून नाव लिही, पक्क्या शाईच्या पेननं. जोडातला एक बूट एका बॅगेत आणि दुसरा दुसऱ्या बॅगेत, हे मला तालुक्याच्या एका जुन्या खो-खो शिक्षकानं सांगितलेलं, मला पटलं. एक बूट चोरून कुणी काय करणार?

हे फक्त आपल्यासारख्या खेड्यातल्या पोरांचं होतं असं समजू नकोस. एप्रिल २०२३ मध्ये आयपीएलच्या दिल्ली संघाचं किट बंगळूरहून दिल्लीला आलं तेव्हा त्यातून सोळा बॅटी, पॅड, ग्लोव्हज, बूट गायब होते. पॅरिस ऑलिंपिक सुरू होताना, जुलै २०२४ मध्ये, अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाच्या सरावाच्या जागीच चोर घुसला आणि थियागो अल्माडा या खेळाडूचं घड्याळ आणि अंगठ्या गेल्या. त्यांचे प्रशिक्षक माशेरानो यांनीच ते सांगितलं. पोलिसांच्या फौजा लावलेल्या स्पर्धेत हे घडलं. खेळाडू मैदानात असतो तेव्हा त्याचं सामान मैदानाबाहेर असतं, आणि हे जगातल्या सगळ्या भामट्यांना ठाऊक आहे.

आता जरा महत्त्वाचं. मोबाईल गेला तर दहा-पंधरा हजारांचं नुकसान. वाईट वाटेल, पण भरून निघेल. चोर सॅक घेऊन जातो, मोबाईल काढतो आणि बाकीची सॅक गटारात फेकतो. त्या बाकीच्यात काय असतं? तुझं जिल्ह्याचं आणि विभागाचं मूळ प्रमाणपत्र, आधार, बोनाफाईड, शाळेचा पात्रता अर्ज. चोराला त्याचे चार आणे मिळत नाहीत. तुझं मात्र वर्ष जाऊ शकतं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे सगळं त्या कागदांवर उभं असतं. आपल्याकडं शेत नाही, ऊस तोडून मोठं झालेलं घर आहे हे. तो कागद आपला सातबारा समज.

म्हणून मूळ प्रमाणपत्रं बरोबर नेऊच नकोस. सरांना विचार, कोणता मूळ कागद दाखवावाच लागतो. तेवढाच न्यायचा, तो सरांच्या फाईलमध्ये राहील आणि दाखवून झाला की परत त्याच फाईलमध्ये. बाकी सगळ्याच्या झेरॉक्स. प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो काढून तुझ्या बापाच्या मोबाईलवर पाठवून ठेव. आधार डिजिलॉकरमध्ये ठेवलं तर कुठंही दाखवता येतं. तिथं नवं प्रमाणपत्र मिळालं, मिळेलच, तर ते घेऊन मैदानभर फोटो काढत फिरू नकोस. एक फोटो, मग फाईल.

प्रमाणपत्रावरून आठवलं. मैदानाच्या बाहेर, चहाच्या गाड्यावर कुणी भेटेल. ‘तुझा टाइम बघितला मी, अकादमीत घालतो, वर ओळख आहे, पाच हजार भर’ असं म्हणेल. कुणी प्रमाणपत्रच मिळवून देतो म्हणेल. आपल्या राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं गाजली, चौकश्या झाल्या, नोकऱ्या गेल्या. नोकरीच्या वेळी प्रत्येक प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडं पडताळणीला जातं. तुझा टाइम घड्याळ सांगतं. त्याला मध्यस्थ लागत नाही. अशा माणसाला ‘सरांशी बोला’ एवढं म्हणायचं आणि चालू लागायचं.

पुण्यात उतरतानाचं सांगतो. शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. आपली गाडी तिथं जाते की स्वारगेटला, हे वाहकाला बसतानाच विचारा. पहाटे तीन-चारला उतरलात तर उजाडेपर्यंत सगळ्यांनी एकत्र, उजेडात, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीसमोर बसायचं. तुमच्यातली एकही एकटी बाथरूमला जाणार नाही, दुसरी दाराशी उभी राहील. कोणती गाडी कुठं लागते ते फक्त खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहक-चालकाला विचारायचं. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेटला काय घडलं ते तू ऐकलं आहेस. एक माणूस ‘ताई’ म्हणत आला, तुमची गाडी इथं लागत नाही, तिकडं उभी आहे, असं सांगून त्यानं एका मुलीला उभ्या असलेल्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. ते भुरट्या चोरीत मोजायचं नाही, फार मोठा गुन्हा आहे तो. दोष त्या लेकराचा काडीमात्र नाही. उभा जन्म ज्या एसटीत गेला तिथं हे घडलं, म्हणून मला रात्रभर झोप नव्हती. पण रीत बघ. गोड बोलून माणसाला कळपातून वेगळं काढायचं, ही रीत खिसा कापणाऱ्याचीही तीच. म्हणून कुणी कितीही मायेनं ‘इकडं ये’ म्हटलं तरी घोळक्यातून बाहेर पाऊल टाकायचं नाही. वाईट दिसेल, उद्धट वाटेल, तर वाटू दे.

अंगावर घाण पडलीय म्हणून रुमाल पुढं करणारा, पायाशी दहाच्या नोटा टाकून ‘तुमचे पडले का’ विचारणारा, ‘मी पोलीस आहे, पुढं तपासणी चालू आहे, सोनं काढून रुमालात बांधा’ म्हणणारा, हे सगळे एकाच जातीचे. म्हणजे भामट्याच्या. खरा पोलीस रस्त्यात कुणाचं सोनं काढायला लावत नाही. तसंही कानातली रिंग सोडून अंगावर काही घालून जाऊ नकोस. गाडीत कुणी बिस्कीट, पेढा दिला तर नको म्हणायचं. ‘ताई, एक फोन लावू द्या, माझा बंद पडलाय’ असं म्हणणाऱ्याला मोबाईल हातात द्यायचा नाही. नंबर विचारून तू लाव आणि स्पीकरवर ठेव. माणुसकी त्यातही राहते. फोनपेवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाक म्हणाला की तो तुझे काढतोय.

पुढं कधी मुंबईला जाणं झालं तर लोकलच्या दारात मोबाईल काढायचा नाही. रुळाकडेला खांबाशी उभं राहून हातावर काठी मारतात, मोबाईल खाली पडतो. फटका गँग म्हणतात त्यांना. मोबाईलपायी झुकलेली पोरं गाडीखाली गेली आहेत.

तुझी आई सांगत होती, स्पर्धा संपल्यावर जमलं तर गहुंजेला क्रिकेटचा सामना बघायचा म्हणताय. सर नेणार असतील तर जा. पण तिकीट मैदानाबाहेर कुणाच्या हातून घ्यायचं नाही. खोटं निघालं तर पैसे गेले, खरं असलं तरी काळ्या बाजाराचं. बॅग आत नेऊ देत नाहीत आणि मग लोक ती रस्त्यालगत कुणाच्याही टेबलावर वीस-पन्नास रुपये देऊन ठेवतात. चिठ्ठी नाही, पावती नाही. बॅग खोलीवर ठेवूनच निघा.

आणि गर्दीत एक लक्षात ठेव. ४ जुलै २०२४ ला विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय क्रिकेट संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेला गेली. माणसांचा समुद्र लोटला होता. रात्री रस्त्यावर चपला-बुटांचा सडा पडला होता, गुदमरलेल्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी, ४ जून २०२५ ला, बंगळूरला चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयाच्याच गर्दीत चेंगरून अकरा जण गेले. त्यात तुझ्यापेक्षा थोडी मोठी पोरं होती. अशा रेट्यात मोबाईल हातातून पडला, चप्पल निघाली, पैसे पडले, तरी खाली वाकायचं नाही. वाकलेला माणूस उठत नाही. पडलं ते गेलं. हात छातीपुढं धरून, गर्दीबरोबर तिरपं तिरपं कडेला सरकायचं. आबांनी पैशाची एवढी काळजी करायला सांगितली, म्हणून पडलेल्या पैशामागं जाऊ नकोस, हे मी मुद्दाम लिहितोय.

एवढं करूनही चोरी होऊ शकते. झाली तर रडत बसू नकोस, आणि घरी सांगायला घाबरू तर मुळीच नकोस. कुणी रागावणार नाही. तुझ्या बापाला मी बजावून ठेवलंय. पोरं रागाच्या भीतीनं दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात बँकेतलं जातं, असं फार पाहिलंय. मोबाईल गेल्या गेल्या दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून सिम बंद करायचं, कारण चोर ते सिम दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून ओटीपी मिळवतो. मग बँकेला सांगून खातं गोठवायचं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार, जितकी लवकर तितकी रक्कम अडकवता येण्याची आशा जास्त. तुमच्या जिवाला धोका वाटला तर ११२, रेल्वेत असाल तर १३९.

मग पोलीस ठाणं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय, त्यात कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. मोबाईल चोरीला गेला असेल तर अर्जात ‘गहाळ झाला’ असं लिहून सही करू नकोस, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. चोरी ती चोरी. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याचं वेगळं कलम आलंय, आणि टोळीनं खिसे कापणं, तिकिटांचा काळा बाजार करणं याला तर एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. पण नोंदच ‘गहाळ’ अशी झाली तर ते कलम लागणार कुणाला?

मोबाईलचा आयएमईआय नंबर आत्ताच काढून ठेव. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येतो. तो मोबाईलच्या खोक्यावरही असतो, पण खोकं आजीनं बहुतेक सुया-दोऱ्याला घेतलंय. वहीत लिहून ठेव आणि मलाही पाठव. २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं ‘संचार साथी’ सुरू केलं, तिथं तक्रारीची प्रत आणि हा नंबर दिला की तो मोबाईल देशभर बंद करता येतो. चालू करायचा प्रयत्न झाला की माग लागतो. असे मोबाईल शोधून पोलिसांनी लोकांना परत दिल्याच्या बातम्या आपल्या बीडच्या पेपरांतही येतात.

चोर हाती लागलाच तर त्याला कुणाला मारू देऊ नका. गर्दी जमली की प्रत्येक जण हात धुऊन घेतो. कधी तो पंधरा वर्षांचा पोर असतो, त्याला पुढं घालणारा लांब उभा राहून बघत असतो. पोलिसांच्या ताब्यात द्या, तक्रार द्या आणि निघा.

या पत्राबरोबर एक लहान कार्ड ठेवलंय. त्यावर तुझे सर, मॅडम, तुझा बाप आणि मी, असे चार नंबर लिहिलेत. मोबाईल गेला की नंबरही जातात, आजकाल कुणाला तोंडपाठ नसतात. ते कार्ड चोरखिशात राहू दे, आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवू नकोस, नाहीतर त्याच्याबरोबरच जाईल. तुझ्या बापाचा नंबर मात्र पाठ कर, मी फोनवर विचारणार आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सरांना राखणीच्या पाळ्यांचं विचार आणि तुझी पाळी कोणत्या दिवशी आहे ते मला कळव. तुझी शर्यत कोणत्या दिवशी, किती वाजता, तेही. आजीला तेवढ्या वेळेला देव्हाऱ्यापाशी बसायचं आहे.

तुझा,
आबा